बॅग निघाली विमानानं!



चोरखमारा हे गावाचं नाव कधी ऐकलंय का? ऐकल्याबरोबर दचकू नका हं! नावात 'चोर' असला तरी गाव मोठं देखणं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला अगदी खेटून ते वसलंय. जवळच पाण्यानं भरलेला तलाव आहे, आणि नागझिरा अभयारण्यात जायचं एक फाटकही इथंच आहे. या फाटकातून कुणालाही असंच आत जाता येत नाही. परवाना दाखवा, ओळखपत्र दाखवा, गाडीचा नंबर लिहू द्या, मगच आत. आणि ठरलेल्या वेळेला बाहेर यायचं. आत कोण गेलं हे वनखात्याला ठाऊक हवं, नाही का?

आज आपण अशाच एका फाटकाची गोष्ट करणार आहोत. फक्त हे फाटक आहे विमानतळावरचं, आणि त्यातून जाणार आहे तुमची बॅग. तीही एकटी, तुमच्याशिवाय!

समजा, उन्हाळ्याची सुट्टी लागलीय. चोरखमाऱ्याहून एक आजी आणि तिची नात पुण्याला काकांकडे निघाल्या आहेत. बसनं नागपूर गाठायचं आणि तिथून विमानानं पुणे. (विमान पाहायला नागपूरलाच जावं लागतं असं समजू नका बरं का! गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे, आणि मार्च २०२२ मध्ये तिथूनही पहिल्यांदा प्रवासी विमानसेवा सुरू झाली.) आजीनं बॅग भरलीय. त्यात नव्या लुगड्यांबरोबर घरचा तांदूळ आहे, लोणच्याची बरणी आहे, सुकं खोबरं आहे. नातसुनेसाठी केलेल्या सोन्याच्या कुड्या लुगड्याच्या घडीत दडवल्या आहेत. वर एक भलंमोठं पितळी कुलूप! आजी म्हणते, "आता कुणाची माय व्यालीय बॅग उघडायला?"

काय वाटतं तुम्हाला? बॅग सुरक्षित आहे? उत्तर लगेच देऊ नका. आधी थोडं मागं जाऊ या.

लाखेची मोहोर

साल १९४९. भारत स्वतंत्र होऊन दीड वर्ष झालं होतं. त्या जानेवारीत टपालखात्यानं एक नवलाची योजना सुरू केली : रात्रीची विमानटपाल. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला एकाच ठिकाणी जमायची. कुठं? देशाच्या मधोमध असलेल्या आपल्या नागपूरला! सोनेगावच्या विमानतळावर टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईची पिशवी दिल्लीच्या विमानात, मद्रासची कलकत्त्याच्या विमानात. मग चारही विमानं आपापल्या गावी परत. आज टाकलेलं पत्र उद्या देशाच्या दुसऱ्या टोकाला! ही सेवा वीस वर्षांहून जास्त काळ चालली.

आता विचार करा. मध्यरात्रीची वेळ, अपुरा उजेड, घाई आणि ढीगभर पिशव्या. त्यात लोकांची पत्रं आणि महत्त्वाचे कागद. त्या पिशव्यांना काय लोखंडी कुलपं होती? छे! टपालाच्या पिशवीचं तोंड सुतळीनं बांधायचं, त्यात कुठून कुठं जायचं ते लिहिलेली चिठ्ठी अडकवायची आणि गाठीवर लाख वितळवून मोहोर उठवायची, अशी टपालखात्याची जुनी रीत. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणारे इवलेसे किडे तयार करतात तीच. सोबतच्या कागदावर पिशव्या किती हे लिहिलेलं असायचं.

लाख काही मजबूत नसते. नखानंही फुटते. मग तिचा उपयोग काय? तीच तर गंमत आहे! लाख फोडता येते, पण फोडलेली लाख पुन्हा तशीच जोडता येत नाही. पिशवी घेणारा आधी मोहोर बघायचा. मोहोर अखंड तर पिशवी कुणी उघडलेली नाही. तुटलेली असेल तर तिथंच, त्याच क्षणी बोंब ठोकायची.

म्हणजे पिशवीची राखण तीन गोष्टी करत होत्या. चिठ्ठीवरचं नाव, कागदावरची मोजणी आणि फुटली की बोलणारी मोहोर. आजच्या विमानात चढणाऱ्या बॅगेचीही राखण याच गोष्टी करतात. चला, आजीच्या बॅगेबरोबर जाऊ या.

बॅगेचं नाव काय?

विमानतळावर पोचल्यावर मोठी बॅग खिडकीपाशी द्यायची असते. तिथं तिचं वजन होतं. देशातल्या देशात बहुतेक कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलोपर्यंतची बॅग नेऊ देतात, आणि लहान बॅग ७ किलोपर्यंत हातात. वजन झालं की बॅगेच्या मुठीभोवती कागदी पट्टी चिकटवतात. त्या पट्टीवर उभ्या काळ्या रेघा असतात आणि दहा आकडी क्रमांक असतो. हाच बॅगेचा हजेरी क्रमांक! त्यातले तीन आकडे विमान कंपनीचे, शेवटचे सहा त्या बॅगेचे. संगणकात हा क्रमांक प्रवाशाच्या नावाशी जोडलेला असतो.

पट्टीवर तीन मोठी अक्षरंही असतात. ती कुठल्या विमानतळावर जायचं ते सांगतात. नागपूरची खूण एनएजी, पुण्याची पीएनक्यू, गोंदियाची जीडीबी. मुंबईची अजूनही बीओएम, म्हणजे जुन्या 'बॉम्बे'चीच! गोव्यात तर दोन विमानतळ आहेत. दाबोळीची खूण जीओआय आणि मोप्याची जीओएक्स. एका अक्षराचा फरक, पण बॅग गेली की या टोकाऐवजी त्या टोकाला! म्हणून पट्टी लावली की ती तीन अक्षरं तिथंच वाचायची. हे काम मोठ्यांपेक्षा तुम्हीच चांगलं करू शकता.

आणखी एक. मागच्या प्रवासाची जुनी पट्टी आणि चिकटलेल्या चिठ्ठ्या आधी काढून टाका. यंत्राला नवं-जुनं कळत नाही. त्यानं चुकून जुन्या रेघा वाचल्या, तर बॅग भलत्याच वाटेला लागायची!

कागदी पट्टी कधीकधी फाटून पडते. मग बिनानावाची बॅग कुणाची हे कसं कळणार? त्यासाठी एका कागदावर नाव, मोबाइल क्रमांक आणि कुठं चाललोय ते लिहा, आणि तो कागद बॅगेच्या आत, कपड्यांच्या अगदी वर ठेवा. बाहेरच्या चिठ्ठीवर मात्र नाव आणि मोबाइल क्रमांक पुरे. घराचा पूर्ण पत्ता बाहेर लिहिला, तर वाचणाऱ्याला आयतंच कळणार, हे घर सध्या रिकामं आहे म्हणून!

बॅग देण्याआधी तिचा एक फोटोही काढून ठेवा. "काळी होती हो, मध्यम होती," असं सांगून काळ्या बॅगांच्या ढिगातून आपली बॅग कुणाला सापडणार? मुठीला रंगीत फडकं किंवा जुन्या साडीचा काठ बांधा. पुष्कळ बॅगा चोरीला जात नाहीत. आपली समजून दुसराच कुणी भला माणूस त्या उचलून नेतो.

कुलूप काय करतं?

आपल्याकडे म्हणतात ना, कुलूप सज्जनासाठी असतं, चोरासाठी नव्हे. बॅगेच्या बाबतीत तर हे अगदी खरं आहे. आईची परवानगी घेऊन घरातली जुनी, टाकायला काढलेली चेनची बॅग घ्या. दोन्ही सरकते एकत्र आणून त्यांना कुलूप लावा. आता साधं बॉलपेन चेनच्या दातांमध्ये जोरात दाबा. काय झालं? दात उकलले, बॅग उघडली, आणि कुलूप तसंच लटकतंय! त्याहून मोठी गंमत पुढं आहे. कुलपासकट सरकते एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. उकललेले दात पुन्हा मिटले! बॅग कधी उघडली होती, याचा मागमूसही नाही.

ही झाली मोहोर नसलेली बॅग. आता त्याच सरकत्यांना बॅगेच्या पक्क्या कडीत किंवा मुठीत अडकवून कुलूप लावा. पेन खुपसून दात अजूनही उकलतील. पण सरकते जागचे हलत नाहीत, त्यामुळे बॅग पुन्हा मिटता येत नाही. ती आ वासून उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "मला कुणीतरी उघडलंय!" बघा, झाली की नाही लाखेची मोहोर? म्हणून कुलूप किती मोठं यापेक्षा ते कुठं अडकवलंय हे महत्त्वाचं. ज्या कडक बॅगांमध्ये सरकते बॅगेच्या अंगातल्याच कुलपात जाऊन बसतात, त्या बऱ्या.

आकड्यांचं कुलूप असेल तर एक गणित सोडवा. तीन चाकं, प्रत्येकावर शून्य ते नऊ. एकूण जोड्या किती? ०००पासून ९९९पर्यंत, म्हणजे १०००. एका जोडीला एक सेकंद धरला, तर सगळ्या जोड्या तपासायला १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. फार नाही ना? आणि तुम्ही दुकानातून आणलेलं ००० तसंच ठेवलंत, तर एकच सेकंद! आकडा बदला, आणि तो घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

ज्यांचे काका-मावशी अमेरिकेत आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथले सुरक्षा अधिकारी बॅग मालकाच्या गैरहजेरीतही उघडून तपासू शकतात. कुलूप उघडलं नाही, तर तोडतात. म्हणून २००३ सालापासून एक खास प्रकारची कुलपं निघाली. आपल्याकडं आकडा, त्यांच्याकडं ती कुलपं उघडणाऱ्या सामाईक किल्ल्या. अशा काही कुलपांवर शंकरपाळ्याच्या आकाराची लाल खूण असते. पण २०१५ मध्ये त्या सामाईक किल्ल्यांचे नमुनेच जगजाहीर झाले. तेव्हा तिथंही तेच : कुलूप असावं, पण सगळा भरवसा त्याच्यावर नसावा.

आत काय नको?

मग आजीच्या सोन्याच्या कुड्यांचं काय? सोपं उत्तर आहे. त्या बॅगेत नकोतच! सोनं, पैसे, घराच्या किल्ल्या, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, आजीच्या रोजच्या गोळ्या, चष्मा, मोबाइल, कॅमेरा, हे सगळं हातातल्या लहान पिशवीत. बॅग दोन दिवस उशिरा आली तरी लुगड्यांवाचून अडत नाही, पण रक्तदाबाच्या गोळीवाचून अडतं. हरवलेल्या बॅगेची भरपाई मिळते, पण तिला मर्यादा असते. आणि बॅगेत सोनं होतं हे सिद्ध कसं करणार? जी वस्तू आत नाही ती चोरीला जाऊ शकत नाही. याच्याइतकं पक्कं कुलूप जगात दुसरं नाही.

आता खोबरं. आजीला हे ऐकून नवलच वाटेल, पण सुकं खोबरं विमानात चालत नाही! चोराची भीती म्हणून नव्हे, आगीची म्हणून. सुक्या खोबऱ्यात भरपूर तेल असतं. ते आपोआप तापत जाऊन पेटू शकतं, म्हणून मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते धोकादायक पदार्थांत मोडतं. तपासणीत सापडलं तर काढून ठेवतात. त्यासाठी बॅग उघडावी लागते, आणि घाईघाईनं उघडलेली बॅग नीट बंद होईलच असं नाही. फटाके आणि काडेपेट्याही बॅगेत चालत नाहीत.

आणि तुमचा पॉवर बँक? तोही मोठ्या बॅगेत ठेवायचा नाही. हातातल्या सामानात ठेवायचा. का बरं? त्यातल्या लिथियमच्या बॅटरीनं पेट घेतला, तर बसायच्या जागी विमानातले कर्मचारी तो विझवू शकतात. विमानाच्या पोटात, बॅगांच्या ढिगाऱ्यात, उडत्या विमानात कोण पोचणार?

तांदूळ चालतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट लावा, ती दोन पिशव्यांत बांधा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. नाहीतर काकांकडे पोचेपर्यंत सगळी लुगडी कैरीच्या वासाची!

बॅग कुणाची?

दोस्तांनो, आता जरा गंभीर व्हा. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि हा भाग आई-बाबांबरोबर वाचा.

२३ जून १९८५ या दिवशी एअर इंडियाचं 'कनिष्क' नावाचं विमान कॅनडाहून लंडनमार्गे भारतात यायला निघालं होतं. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, समुद्रावर, त्यात बॉम्बस्फोट झाला. विमानातली ३२९ माणसं गेली. पुष्कळ जण सुट्टीत आजी-आजोबांना भेटायला निघालेली कुटुंबं होती. त्यात तुमच्याएवढी मुलंही होती. तो बॉम्ब एका बॅगेत होता. बॅग कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात विमानासाठी देण्यात आली होती. पण ती देणारा माणूस स्वतः विमानात चढलाच नव्हता. बॅग निघाली आणि मालक मागंच राहिला.

बॅग आणि तिचा मालक एकाच विमानात आहेत की नाहीत, याची मोजणी या दुर्घटनेनंतर जगभर कडक होत गेली. आज कुणी बॅग देऊन विमानात चढलाच नाही, तर सगळं विमान थांबवून त्याची बॅग शोधून खाली उतरवतात. कधी वैमानिक सांगतो, "एका प्रवाशाचं सामान उतरवत आहोत, थोडा उशीर होईल." तेव्हा मोठी माणसं कुरकुरतात. तुम्ही कुरकुरू नका. ती अर्धा तासाची मोजणी किती मोलाची आहे, ते आता तुम्हाला माहीत झालंय.

याच कारणानं खिडकीपाशी एक प्रश्न विचारतात : "ही बॅग तुम्ही स्वतः भरलीत का? कुणी काही दिलंय का न्यायला?" हा प्रश्न उगाच विचारायचा म्हणून विचारत नाहीत. समजा, आजी रांगेत उभी आहे आणि एक अनोळखी माणूस हात जोडून म्हणतो, "मावशी, माझं वजन जास्त होतंय हो. एवढं पुडकं तुमच्या बॅगेत ठेवा ना, पुण्याला माझा भाऊ घ्यायला येईल." आजीचा स्वभाव प्रेमळ. ती हो म्हणणारच! अशा वेळी नातीनं आजीचा पदर ओढायचा आणि म्हणायचं, "आजी, नको." पुडक्यात काहीही असू शकतं, आणि सापडलं तर ते आजीच्याच बॅगेतलं ठरतं. गावातल्या ओळखीच्या माणसानं भावासाठी काही दिलं, तर तेही उघडून पाहायचं आणि मगच आपल्या हातानं बॅगेत ठेवायचं. यात संशय घेतल्याचा अपमान नाही. रीत आहे ती.

बॅग नजरेआड सोडून खेळायला पळू नका, आणि तिथं गंमत म्हणूनही 'बॉम्ब' हा शब्द तोंडातून काढू नका. तिथं ती गंमत राहत नाही.

मोहोर तपासा!

पुणं आलं! पट्ट्यावरून बॅगा गरगर फिरत येताहेत. आजीची बॅग दिसली, मुठीला जुन्या साडीचा काठ आहे. ओढून घ्या. पण लगेच बाहेर धावू नका. टपालाची पिशवी घेणारा आधी काय बघायचा? मोहोर! तुम्हीही तिथंच बघा. पट्टीवरचा क्रमांक आणि आपल्याजवळच्या पावतीवरचा क्रमांक जुळतो का? कुलूप जागेवर आहे का? चेन उसवली नाही ना? वजन हलकं तर लागत नाही?

काही बिघडलेलं दिसलं किंवा बॅग आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या खिडकीपाशी जाऊन लेखी तक्रार करायची आणि तिची प्रत मागून घ्यायची. घरी जाऊन फोन करू म्हणालात, तर कंपनी विचारणार, "कशावरून आमच्याकडेच झालं?" परदेशाच्या प्रवासासाठी तर आंतरराष्ट्रीय करारच आहे. सामान खराब झालं असेल तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत, उशिरा मिळालं असेल तर २१ दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. म्हणून ती छोटी पावती घरी पोचून बॅग उघडेपर्यंत फेकायची नाही.

तर मग सांगा, निघताना आजीची बॅग सुरक्षित होती का? मोठं पितळी कुलूप होतं खरं. पण आत नाव नव्हतं, सोनं होतं, खोबरं होतं, आणि कुलूप नुसत्या सरकत्यांना लटकत होतं! आता ती नीट भरायला काय काय बदलाल?

या आठवड्याचा गृहपाठ असा : विमानानं जायचं नसलं तरी चालेल. एस.टी.नं मामाच्या गावाला जा नाहीतर रेल्वेनं सहलीला. एका कागदावर दोन रकाने आखा. एकात 'मोठ्या बॅगेत', दुसऱ्यात 'माझ्या हाताशी'. घरातल्या प्रत्येकाच्या वस्तू योग्य रकान्यात लिहा आणि बॅग भरताना आईला एकेक वाचून दाखवा. आजीच्या गोळ्या कुठल्या रकान्यात गेल्या, ते मात्र दोनदा तपासा बरं का!